आठ नंबरचा रंग

रंगाच्या बाबतीत उद्धवराव गव्हाण्यांशी वाद घालायचा नाही, असा भोसरीच्या त्या कारखान्यातल्या पेंट शॉपमध्ये एकतीस वर्षं नियमच होता. दुचाकीच्या टाकीवर चढलेला लाल हा मंजूर झालेल्या लालाशी जुळतो की नाही, एवढंच बघायचं त्यांचं काम. पण ते त्यांनी अशा काही तोऱ्यात केलं की रंग मोजायचं मशिन एक म्हणालं आणि उद्धवराव दुसरं, तर मशिन दुरुस्तीला जायचं. हातातला पत्र्याचा तुकडा ते आधी पांढऱ्या ट्यूबखाली धरायचे, मग पिवळ्या दिव्याखाली, आणि तरी मनात किंतु राहिला तर शेडच्या दाराशी नेऊन उन्हात. नव्यानं लागलेल्यांना सांगायचे, "एका उजेडात जुळलं म्हणजे जुळलं न्हाई, राव. एका उजेडात रंग खोटं बोलतो." मग पत्र्याच्या मागं पेन्सिलीनं 'ओके' लिहायचे आणि खाली 'उ. ग.' अशी दोन अक्षरं. त्या दोन अक्षरांपुढं मॅनेजरसुद्धा तोंड उघडत नसे.

अशा माणसाच्या घरच्या संडासात पिवळा बल्ब होता. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

संत तुकाराम नगरातलं दुसऱ्या मजल्यावरचं घर. बायको सावित्रीबाई, मुलगा निरंजन, सून दीपमाला. परांड्याकडून आलेलं कुटुंब चाळीस वर्षांत इथलंच झालं होतं. तीन वर्षांपूर्वीच्या श्रावणात एका सकाळी सावित्रीबाई संडासाच्या दारात उभ्या राहिल्या आणि पदर तोंडाशी धरून म्हणाल्या, "अवो, जरा बघता का?"

उद्धवराव पेपर वाचत होते. चाळीस वर्षांत बायकोनं असलं काही दाखवायला बोलावलं नव्हतं. "काय बघू?"

"लगवीला रंग वेगळाच येतोय. तुमाला रंगातलं कळतं."

ते उठले. दारातूनच वाकून बघितलं. पिवळ्या उजेडात कमोडचं पांढरं भांडंही पिवळं दिसत होतं, पाणीही पिवळं. "पाणी कमी पितीस तू," ते म्हणाले. "दुसरं काय न्हाई. ओके हाय."

"अंगाला खाज पण सुटतीय."

"घामानं. ओके म्हटलं ना?"

त्यावर सावित्रीबाई चक्क हसल्या. "तुमी ओके दिला म्हंजी झालं," म्हणाल्या आणि अर्धा मग पाणी ओतून स्वयंपाकाला लागल्या.

दिवाळीत त्यांचे डोळे पिवळे झाले. मग दवाखाना, फोटो, सुया. पित्ताच्या नळीत गाठ निघाली. डॉक्टरांनी विचारलं, "लघवी कोऱ्या चहासारखी कधीपासून होतेय?" उद्धवराव शेजारीच उभे होते. सावित्रीबाईंनी नवऱ्याकडं एकदा बघितलं आणि डॉक्टरांना सांगितलं, "आताच. आठ दिवस झाले असतील." बाहेर आल्यावर डॉक्टर निरंजनला म्हणाले, दोन-अडीच महिने आधी आला असता तर गोष्ट वेगळी होती. माघात सावित्रीबाई गेल्या. जाईपर्यंत त्या श्रावणातल्या सकाळविषयी त्यांनी ब्र काढला नाही, आणि उद्धवरावांनीही नाही.

तेराव्यानंतर त्यांनी पहिलं काम केलं ते पिवळा बल्ब काढून फोडला आणि तिथं पांढरी ट्यूब लावली. बैल गेला आणि झोपा केला, असंच ते.

त्या रंगानं मात्र त्यांना सोडलं नाही. माणसाला माणूस झपाटतं असं आपण ऐकतो. उद्धवरावांना रंगानं झपाटलं. टपरीवर कोरा चहा बघितला की ते तोंड फिरवायचे. गॅरेजबाहेर सांडलेलं ऑइल, काकवीची बाटली, नळाला पहिल्यांदा येणारं गंजाचं पाणी, सगळीकडं तोच. मनातल्या मनात ते शेड मोजायचे: एवढा पिवळा, एवढा काळा, आणि तळाशी हिरव्याची एक चोरटी झाक. पिवळ्या बल्बनं खाल्ली होती ती हिरवी झाकच. आपण दारातून न बघता आत गेलो असतो, भांड्यातलं पाणी मगात घेऊन खिडकीशी नेलं असतं, तर? एवढा एक 'तर' घेऊन ते दोन वर्षं जगत होते.

आणि यंदाच्या चैत्रात सावित्री परत आली.

त्या पहाटे साडेपाचला ते उठले. दीपमाला नुकतीच कामावर गेली होती. ती चाकणला गाड्यांच्या वायरिंगचे जुडगे बांधायच्या लाइनवर होती, पहिली पाळी. पावणेसहाला नाशिक फाट्यावर कंपनीची बस. निरंजनची दुसरी पाळी, त्यामुळं तो आत झोपलेला. उद्धवराव संडासात गेले, ट्यूब लावली आणि दाराची कडी धरून तसेच उभे राहिले. भांड्यात तो रंग होता. थेट कोरा चहा. आणि नळाखाली मग पालथा ठेवलेला. सावित्रीबाईंची सवय होती ती. मग उताणा ठेवला की आत शेवाळं धरतं, म्हणायच्या.

उद्धवरावांनी भरलेली बादली उचलली आणि अख्खी ओतली. पिंपरी-चिंचवडात पाणी दिवसाआड येतं. बादलीभर पाणी असं ओतणं म्हणजे घरात पाप. पण त्यांना तो रंग एक क्षणही तिथं नको होता.

दुसऱ्या दिवशी परत. तिसऱ्या दिवशी नाही. त्यांना हायसं वाटलं, आणि लाजही वाटली की हायसं वाटलं. चौथ्या दिवशी परत, आणि मग रोजच. मग पालथा, भांड्यात तो रंग, आणि कानात अगदी जवळून, पदराआडून आल्यासारखं, "अवो, जरा बघता का?"

ते बघत नव्हते. डोळे अर्धे मिटून बादली ओतत होते.

आता कुणी म्हणेल, हा शहाणा माणूस, घरात तीन माणसं, त्यातली एक सून पाच मिनिटांपूर्वी बाहेर पडलेली. याच्या डोक्यात साधी गोष्ट कशी आली नाही? नाही आली. सासऱ्यानं सुनेचा विचार त्या जागी करायचा नाही, ही शिस्त त्यांच्यात इतकी मुरलेली होती की तो विचार उंबऱ्यापर्यंतही येत नव्हता. संडासातून ती बाहेर येताना दिसली तर ते मान खाली घालून गॅलरीत जायचे. ती किती वेळा उठते, किती वेळ लावते, याच्याकडं कान द्यायचा नाही. मेलेली बायको तिथं येते हे मानणं त्यांना सोपं गेलं. जिवंत सून तिथं जाते हे मनात आणणं अवघड गेलं.

संध्याकाळी दीपमाला विचारायची, "अण्णा, बादली रिकामी कशी? पाणी तर उद्या यायचंय."

"झाडांना घातलं."

गॅलरीत झाडं म्हणजे एक तुळस आणि एक वाळका मोगरा. दीपमाला तुळशीकडं बघायची आणि विषय सोडून स्वयंपाकाला लागायची. सावित्रीबाई गेल्यापासून ती सासऱ्याला जपत होती.

मग उद्धवरावांनी सावित्रीबाईंच्या फोटोपुढं रोज संध्याकाळी दिवा लावायला सुरुवात केली. पाण्याचा तांब्याही ठेवायचे. पाणी कमी पितीस, असं म्हणालो होतो ना, घे, पी. हात जोडून मनात म्हणायचे, चुकलो गं, आता नको दाखवू. एक दिवस मागं चाहूल लागली. दीपमाला येऊन उभी होती. तिनंही हात जोडले, डोळे मिटले आणि भिंतीला टेकली. चेहरा घामानं डबडबलेला. उद्धवरावांना भरून आलं. वाटलं, हिला पण सासूची आठवण येतीय. जेवायला बसली तर ताटावरून दोनदा उठून आत गेली. तिसऱ्यांदा उठली तेव्हा त्या दिवशी रजेवर असलेला निरंजन म्हणाला, "काय गं सारखं?" ती म्हणाली, "काही नाही, हात धुवायचे राहिले." उद्धवरावांनी मान खाली घालून भाकरी मोडली.

असे तीन आठवडे गेले.

वैशाखातल्या एका पहाटे लाइट गेली होती. ते चाचपडत संडासाच्या दाराशी आले. ट्यूब लागणार नव्हती, म्हणून देवळीतला टॉर्च घेतला. बादली भरलेली होती, पण अंधारात ती अंदाजानं ओतायची म्हणजे सांडणार. आधी उजेड पाडायला हवा होता. त्यांनी टॉर्च भांड्यावर धरला आणि तीन आठवड्यांत पहिल्यांदा नीट बघितलं.

हात थांबला. आत काहीतरी जुनं, एकतीस वर्षं रोज वापरलेलं, जागं झालं. ते खाली वाकले. रंगात लाल होता.

सावित्रीच्या रंगात लाल नव्हता. हिरवा होता.

'टॉर्च खोटं बोलत असंल,' ते स्वतःशी म्हणाले. त्यांनी बादली ओतली नाही. दार ओढून घेतलं, स्टूल आणून बाहेर बसले आणि उजाडायची वाट बघू लागले. एका उजेडात बघून सही करायची नाही. एकदा केली होती.

सव्वासहाला वरच्या झरोक्यातून उजेड आला. त्यांनी मगानं भांड्यातलं थोडं घेतलं आणि झरोक्याखाली धरलं. शी-बी काही वाटलं नाही. लाल होता, गंजासारखा. आणि पाणी गढूळ होतं, आत दोऱ्यासारखं काहीतरी तरंगत होतं. सावित्रीचं गाळून घेतल्यासारखं नितळ होतं. काळं, पण नितळ. वासही वेगळा, कुजका. दोन्ही शेड शेजारी ठेवल्या असत्या तर कालच्या नवख्यानंही सांगितलं असतं की जुळत नाहीत. आणि ते स्वतः वीस दिवस याला बायको समजून हात जोडत होते.

हे रक्त होतं. मेलेल्या माणसाचं रक्त जात नाही. आत निरंजन घोरत होता. तो रात्री एकला येऊन झोपला की नऊशिवाय हलत नव्हता. राहिलं कोण?

उद्धवराव परत स्टुलावर बसले. रोज बादली ओतून आपण काय धुऊन काढत होतो, हे त्यांना आत्ता कळलं. सावित्रीनं निदान बोलावून दाखवलं होतं. हिनं दाखवलं नाही, आणि जे दिसत होतं ते आपण पुसलं.

निरंजन उठल्यावर त्यांनी त्याला गॅलरीत घेतलं. "दीपाची तब्येत बरी हाय का?"

"कंबर दुखते म्हणते. ओव्हरटाइम चाललाय ना."

"तिला इचार. लगवीचं काय..." पुढं शब्द निघेना. मुलापुढंही निघेना. "तू इचार," एवढंच म्हणून ते आत गेले.

निरंजननं दुपारी फोनवर विचारलं. दीपमालाची मधली सुट्टी होती. "काही नाही झालं मला," ती म्हणाली. "अण्णांना काहीतरी भास होतायत. दिवसभर एकटे असतात. तूच त्यांना डॉक्टरकडं ने." निरंजनला ते पटलं. बापाचं बादलीभर पाणी आणि फोटोपुढचा तांब्या त्यानंही बघितला होता. दुसऱ्या पाळीला जाताना बापाच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "अण्णा, रविवारी आपण दोघं जाऊन येऊ." उद्धवरावांनी हूं म्हटलं. आता समोर बसवून सुनेला विचारणं एवढाच रस्ता राहिला होता, आणि तो त्यांच्याच्यानं होणार नव्हता. विचारलं तरी ती 'काही नाही'च म्हणणार होती. बाईनं मान खाली घालून 'काही नाही' म्हटलं की पुढं सासरा काय बोलणार?

दुपारभर ते कॉटखालच्या पेटीशी बसले. निवृत्तीच्या दिवशी कारखान्यातून आणलेले पत्र्याचे कोरे तुकडे त्यात होते, पत्त्यांएवढे. जुन्या डब्यांमधून ऑइलपेंटचे तळ काढले, टर्पेंटाइन घातलं आणि काचेवर रंग कालवायला घेतले. पहिला तुकडा जवळजवळ पाण्यासारखा. दुसरा वाळलेल्या गवताचा. तिसरा जरा गडद, चौथा पक्का पिवळा, पाचवा मधासारखा. सहावा गंजाचा, लाल. सातवा उघड रक्ताचा. प्रत्येक शेडला दोन-तीन फेऱ्या लागल्या, हात आता पूर्वीसारखा राहिला नव्हता.

आठवा कालवायला ते बराच वेळ बसून राहिले. तो ठेवायची गरजही नव्हती. पण न ठेवता येईना. त्यांनी पिवळा घेतला, काळा घेतला, काडीच्या टोकानं हिरवा लावला, आणि पहिल्याच फेरीत रंग जुळला. थेंबभर कमी नाही, जास्त नाही. उन्हात नेला, ट्यूबखाली नेला. दोन्हीकडं तोच. नोकरीच्या एकतीस वर्षांत त्यांच्याकडून असा एका फटक्यात रंग कधी जुळला नव्हता. ते ओल्या पत्र्याकडं बघत रडले.

वाळल्यावर त्यांनी तुकड्यांना भोकं पाडली, आकडे घातले आणि तारेत ओवून ती माळ संडासाच्या दाराच्या आतल्या बाजूला खिळ्याला लावली. शेजारी एक वही टांगली, सुतळीला पेन्सिल. वहीत तीन रकाने: अण्णा, निरंजन, दीपा. वर लिहिलं, 'रोज फक्त आकडा लिहावा. आकड्याला लाज नसते. जास्त काही असल्यास एका शब्दात लिहावे.' खाली सवयीनं हात 'उ. ग.' लिहून गेला. त्यांनी ते खोडरबरानं पुसलं, कागद फाटेस्तोवर.

आपल्या रकान्यात त्यांनी पहिला आकडा घातला: तीन. एका शब्दात लिहिलं, 'थेंबथेंब'. रात्री चारदा उठावं लागतं हे त्यांनी कुणाला सांगितलेलं नव्हतं.

पहिल्या दिवशी दीपमालाचा रकाना कोरा राहिला. निरंजननं दोन लिहिलं आणि पुढं एक हसरा चेहरा काढला, गाढवानं. संध्याकाळी दीपमाला आत गेली ती दहा मिनिटं आलीच नाही. बाहेर आली तेव्हा तिनं सासऱ्याकडं बघितलं नाही, आणि सासऱ्यानं तिच्याकडं. दुसऱ्या दिवशीही कोरा. उद्धवराव बादली ओतत नव्हते आता. पण दीपमालाच दोन-दोन मग ओतून जात होती. भांडं पांढरं असायचं. ते पांढरं भांडं त्यांना त्या रंगापेक्षा जास्त भीती घालायला लागलं.

तिसऱ्या पहाटे ते पाच पस्तीसला आत गेले. वहीत दीपाच्या रकान्यात आकडा होता. सहा. पुढं बारीक अक्षरात, 'जळजळ', मग एक स्वल्पविराम, आणि 'थंडी'. एका शब्दात लिहा म्हटलं होतं. तिला दोन लागले.

त्यांनी पायात मिळेल ती चप्पल सरकवली, ती निरंजनची निघाली, दोन अंगुळं मोठी. जिना उतरले, रस्त्याला लागले. अडुसष्ट वर्षांचा माणूस लेंग्यावर पळतोय हे बघून दूधवाल्यानं गाडी बाजूला घेतली. कोपऱ्यावर रिक्षा मिळाली. नाशिक फाट्याला पोचले तेव्हा बस लागलेली होती आणि चाकणच्या बायका रांगेनं चढत होत्या, खांद्याला पिशव्या, गळ्यात ओळखपत्रं. दीपमाला पायरीवर एक पाय ठेवून दांडीला लटकल्यासारखी उभी होती.

"दीपा!"

ती वळली. सगळ्या बायका वळल्या. आता काय बोलायचं? एवढ्या बायांच्या देखत सुनेला काय सांगायचं? उद्धवरावांना धाप लागली होती. ते म्हणाले, "सहा हाय. घरी चल."

"काका, अजून पावणेसहाच आहेत की," मागची एक बाई म्हणाली.

दीपमालाला कळलं. तिचा चेहरा आधी लाल झाला आणि मग अगदी लहान पोरीसारखा झाला. ती पायरीवरून उतरली. उद्धवरावांनी तिचं मनगट धरलं, लग्नानंतर पहिल्यांदाच धरलं असेल, आणि चटका बसावा तसं ते तापलेलं होतं. "अण्णा, मला उभं राहवत नाही," ती म्हणाली.

डॉक्टरीणबाईंनी चार दिवस ठेवून घेतलं. सलाइन, इंजेक्शनं. जंतू मूत्रपिंडापर्यंत चढलेले होते. "अजून दोन दिवस काढले असते तर रक्तात उतरले असते," त्या निरंजनला म्हणाल्या. "पाणी प्यायचं नाही आणि आलेली दाबून ठेवायची, ही या कारखान्यांतल्या बायकांची रोजची तऱ्हा झालीय. आठवड्याला दोन तरी येतात माझ्याकडं."

मग सगळं बाहेर आलं. चाळीस जणींच्या लाइनवर एक लाल बिल्ला असतो; तो गळ्यात घातला तरच जागा सोडून जाता येतं, आणि तो परत आल्याशिवाय दुसरीला जाता येत नाही. बिल्ल्यासाठी तोंड उघडायला नको म्हणून बायका पाणीच पीत नाहीत. वर मोशी, चिंबळी, कुरुळीचा ट्रॅफिक; बसमध्ये दोन-दोन तास. दीपमाला पहाटे घरातून निघताना एकदा जायची आणि मग संध्याकाळी घरीच. सावित्रीबाईंनी शिकवल्याप्रमाणं अर्धा मग ओतायची, मग पालथा घालायची; फ्लश ओढला तर भिंतीपलीकडं निरंजनची झोप मोडते. तसली गडद लघवी अर्ध्या मगात कशाला जाते?

पाचव्या दिवशी ती घरी आली. संध्याकाळी, निरंजन कामावर असताना, ती गॅलरीत खुर्चीवर बसली, मांडीवर पाण्याची बाटली. उद्धवराव मोगऱ्याला खरंच पाणी घालत होते.

"अण्णा," ती म्हणाली, "मी लपवलं कारण मला वाटलं, आईंचंच माझ्यामागं लागलंय. त्यांचं पण तिथूनच सुरू झालं होतं ना. रोज पहाटे त्या दाराशी उभ्या आहेत असं वाटायचं. बघितलं तर खरं होईल, म्हणून मी बघतच नव्हते."

उद्धवरावांनी तांब्या खाली ठेवला. त्याच दाराशी, त्याच पहाटे, पाच मिनिटांच्या अंतरानं दोघंही एकाच बाईला भीत होते.

"तुमच्या माळेतला आठ नंबर," ती पुढं म्हणाली. "तो आईंचाच आहे ना?"

"तुला कसं कळलं?"

"मी बघितला होता."

"कवा?"

"त्या वर्षी दसऱ्याच्या आधी. कमोड तुंबला होता, आई मोरीत बसायच्या. मोरीला खिडकी आहे, उन्हात अगदी असाच दिसला, हिरवट." तिनं बाटलीचं झाकण फिरवलं, परत फिरवलं. "मी म्हटलं, आई, डॉक्टरला दाखवू. तर त्या म्हणाल्या, ह्यांनी बघितलंय, ह्यांनी ओके दिलाय. म्हटलं, अण्णांनी बघितलंय म्हणजे मग... मी कोण बोलणारी? गप्प बसले."

खाली रस्त्यावरून भाजीवाला ओरडत गेला. उद्धवरावांना वाटलं होतं की आपला तो ओके फक्त एका माणसावर पडला. तो ओके घरभर फिरला होता. ज्यांना दिसत होतं त्यांचेही डोळे त्यानं बांधले होते.

"पिवळ्या बल्बखाली बघितलं मी," ते म्हणाले. दोन वर्षांत पहिल्यांदा ते शब्द तोंडातून बाहेर पडले. "दारातनं. आत सुदिक गेलो न्हाई. पेपर वाचायचा होता मला." मग ते रडायला लागले. दीपमालानं बाटली त्यांच्यापुढं धरली. तीही रडत होती, पण तिनं 'जाऊ द्या अण्णा' म्हटलं नाही, आणि त्याबद्दल उद्धवराव तिचे उपकार मानत राहिले.

सावित्रीबाई गेल्या नाहीत. अजूनही काही पहाटे कडी वाजल्यासारखी वाटते. पण आता उद्धवराव तोंड फिरवत नाहीत.

ज्येष्ठ लागल्यावर एका सकाळी ते आत होते. ट्यूबखाली बघितलं, झरोक्याखाली बघितलं. पेन्सिल हातात घेतली. तीन की चार? थेंबथेंब तर होतंच, आज वर फेसही होता, बोटभर, जिरत नव्हता. पूर्वीचे उद्धवराव असते तर त्यांनी तीन लिहून वही मिटली असती. ते वहीपुढं पेन्सिल धरून उभे राहिले. मोतीबिंदू पिकत आलाय असं डोळ्यांच्या डॉक्टरनं मागंच सांगितलं होतं; हेही त्यांनी कुणाला सांगितलेलं नव्हतं.

बाहेर दीपमाला डबा भरत होती. आता तिची दुसरी पाळी होती, आणि डब्याशेजारी दोन लिटरची बाटली.

उद्धवराव दार उघडून दारात उभे राहिले. लाज वाटली, भयंकर वाटली. पदर असता तर त्यांनीही तोंडाशी धरला असता.

"दीपा," ते म्हणाले, "जरा बघतीस का?"

दीपमालानं चपात्यांवर झाकण ठेवलं, हात पुसले आणि टॉर्च घेऊन आली.